पुट्टीने बसवलेलं डोकं

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे, असं सांगायला मला आता तोंड राहिलेलं नाही. बोल्ट म्हटला की त्याला डोकं हवं, मान हवी आणि खाली आटे पाडलेलं सरळ अंग हवं. माझ्याकडे डोकं आहे आणि नखाएवढी मान आहे. बाकीचा मी शेजारी वेगळा पडलोय. तेव्हा खरं तेच सांगतो. मी एका जुन्या बोल्टचं नुसतं डोकं आहे. कप फुटल्यावर एकटी उरलेली एक बशी गॅरेजच्या टेबलावर असते, तिच्यात मी राहतो. येणारा जाणारा मला उचलतो, उलटसुलट करतो आणि विचारतो, "हे काय?" मग सगळी हकिगत माझ्यासमोर पुन्हा सांगितली जाते. लाल व्हायची सोय लोखंडाला फक्त भट्टीत असते, म्हणून बरं. नाहीतर मी दिवसभर लालच दिसलो असतो.

पण मी जन्मापासून असा नव्हतो. कारखान्यात जाड तारेच्या वेटोळ्यातून माझा तुकडा कापला गेला. एका दणक्यात डोकं घडलं, त्याला सहा कोपरे आले. दोन पाट्यांमध्ये लाटून अंगावर आटे उठवले. मग भट्टीत तापवलं आणि तेलात बुडवलं. डोकं घडतानाच माझ्यावर दोन आकडे उमटवले होते. हा बोल्ट किती ताण सोसेल, त्याची ती ग्वाही. त्या आकड्यांचा मला फार अभिमान होता. आपल्या कपाळावरच लिहिलंय आपण किती भक्कम आहोत, आता आणखी काय हवं, असं मला वाटायचं. आज तेच आकडे लोक बोट फिरवून वाचतात, तेव्हा कुठे तोंड लपवू असं होतं.

माझी नेमणूक एका मोटारीच्या इंजिनात झाली. इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी फिरवणारा एक पंप असतो. तो पंप इंजिनाला घट्ट धरून ठेवायचा, त्याच्या कडेतून थेंबभरही पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच आम्हा बोल्टांचं काम. मी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात होतो. तिथे उजेड येत नाही, हात घालायचा तर मनगट खरचटतं, आणि कौतुक करायला तर कोणी फिरकतच नाही. पण मी वर्षानुवर्षं धरून होतो. तापायचो, निवायचो, पुन्हा तापायचो. कुरकुर केली नाही.

ती मोटार शिवणकाम करणाऱ्या एका ताईची होती. मागच्या सीटवर कपड्यांचे गठ्ठे आणि पुढच्या सीटवर तिचे वडील, अशी ती गाडी चालायची. वडील पूर्वी बस चालवायचे. आता त्यांची मूत्रपिंडं काम करत नव्हती. रक्त मशीनने शुद्ध करून घ्यायला त्यांना डोंगरापलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागायचं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. वेळ चुकली तर मशीन दुसऱ्या रुग्णाला जायचं, आणि म्हाताऱ्याच्या अंगात पाणी साठायला लागायचं. हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. अहो, बॉनेटखाली असलो तरी ऐकू येतं. बापलेक वाटेत बोलायचे त्यातलं निम्मं त्याच विषयावर असायचं, आणि उरलेलं निम्मं ताईच्या गिअर बदलण्यावर.

"क्लच जरा पूर्ण दाब की."

"बाबा, ही बस नाही."

"म्हणून तर सांगतोय. बस असती तर तिने सांभाळून घेतलं असतं तुला."

मग एके दिवशी पंप कुरकुरायला लागला आणि गाडी वस्तादांकडे आली.

आता वस्तादांविषयी सांगायला हवं. त्या भागात त्यांचं नाव मोठं होतं. माणूस नीटनेटका. पंप खोलताना त्यांनी एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, कडेला भोकं पाडली आणि प्रत्येक बोल्ट जिथून निघाला त्याच जागेच्या भोकात खोचून ठेवला. म्हणजे परत बसवताना कोणाची अदलाबदल नको. वायर ब्रशने त्यांनी माझे आटे घासले, तेलाच्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "तू अजून पुष्कळ चालशील रे." इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी हरखून गेलो.

वस्तादांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बोल्ट किती आवळायचा ते ते हातावरच ठरवायचे. त्यासाठी खास पाना मिळतो. हवा तेवढा ताण आला की तो 'टक्' असा आवाज करतो, मग थांबायचं. तसा एक पाना गॅरेजच्या वरच्या फळीवर, डब्यात, कागदसुद्धा न काढलेला पडून होता. वस्तादांच्या थोरल्या भावाने आणला होता. भाऊ गेले, पाना राहिला. कोणी त्याचं नाव काढलं तर वस्ताद स्वतःचा पंजा पुढे करायचे आणि म्हणायचे, "ज्याला हा नाही त्याने तो घ्यावा." गिऱ्हाइकं हसायची. ते खरंही होतं. बोल्ट जास्त आवळला जायला लागला की तुटण्याच्या जरा आधी तो किंचित मऊ पडतो. चांगल्या कारागिराच्या बोटांना तो मऊपणा कळतो आणि त्याचा हात तिथेच थांबतो. वस्तादांचा हात आयुष्यभर तिथे थांबत आला होता.

नवा पंप बसला. वस्तादांनी आम्हाला आळीपाळीने, समोरासमोरच्या जोड्या धरून, आवळायला घेतलं. माझी पाळी शेवटी आली. पाना फिरला, मी ताणलो. बस्स, आता थांबतील, असं मला वाटलं. पाना आणखी फिरला. मी मऊ पडलो. मी माझ्या परीने सांगत होतो, मित्रांनो. लोखंडाची तेवढीच भाषा असते. पण वस्तादांच्या बोटांना ऐकू आलं नाही. हात तसाच पुढे गेला आणि माझी मान तुटली.

आवाज अगदी लहान झाला. माझं धड इंजिनाच्या पोटात अडकून राहिलं आणि मी पान्याच्या तोंडात नुसता गरगर फिरलो.

वस्तादांनी मला हातात घेतलं. चिमटीत धरलं, दाबलं, मग दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं. त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याची एक जखम होती, पिकलेली, आणि त्याच अंगठ्याने ते माझा तीक्ष्ण तुटका काठ चाचपत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. तेव्हा मला कळलं की त्या बोटांना काहीच लागत नव्हतं. बोटं बधिर झाली होती, किती दिवसांपासून कोण जाणे. आणि हे ज्याला ठाऊक होतं असा या जगात वस्तादांखेरीज मी एकटाच होतो.

तुटलेला बोल्ट काढणं हे काही आभाळ कोसळण्यासारखं काम नव्हे. त्यासाठी वेल्डिंग लागतं. वेल्डिंगचं मशीन भिंतीपलीकडे होतं. तिथे वस्तादांच्या वहिनी लोखंड कातायचा लेथ चालवायच्या. भाऊ गेल्यापासून ते दुकान त्यांनीच सांभाळलं होतं. भिंतीवरून हाक मारली असती तरी त्या आल्या असत्या. पण आल्या असत्या तर पहिला प्रश्न विचारला असता, "भाऊजी, तुमच्या हातून तुटला?" वस्ताद भिंतीकडे बघत बसले. पलीकडे लेथ घरघरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता. "वस्ताद, उद्या बाबांचा दिवस आहे हं. गाडी मिळेल ना?"

"मिळेल, ताई," वस्ताद म्हणाले. "काळजी करू नका."

फोन ठेवून त्यांनी फडताळातून पुट्टी काढली. दोन रंगांच्या दोन वड्या असतात, त्या एकत्र मळल्या की दगडासारख्या घट्ट होतात. त्यांनी ती मळली, माझ्या मानेभोवती लावली आणि मला माझ्या जागी बसवलं. वर काळं ग्रीस फासलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बोल्ट आहे, ठणठणीत आहे. वस्ताद स्वतःशी म्हणाले, "एवढी खेप जाऊ दे. परवा काढतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच परवा काढायचा होता.

तो परवा काही उजाडला नाही, मित्रांनो.

आणि इथून माझी खरी शरमेची वर्षं, म्हणजे महिने म्हणा, सुरू झाले. मी काहीच धरून नव्हतो. मी नुसता तिथे दिसत होतो. शेजारचे बोल्ट माझ्या वाटचा ताण सोसत होते, त्यांची अंगं कुरकुरत होती, आणि मी मात्र चारचौघांत त्यांच्या बरोबरीने बसलो होतो. माझ्या कोपऱ्यातून पाणी हळूहळू झिरपायचं. गरम इंजिनावर पडून ते लगेच वाळायचं, म्हणून खाली डाग दिसायचा नाही. फक्त वास यायचा. इंजिनात घालायच्या त्या हिरव्या पाण्याला थोडा गोडसर वास असतो.

"गाडीत गोड वास येतोय," म्हातारे एकदा म्हणाले.

"बाबा, तुमच्या औषधांनी तुम्हाला काहीही वास येतात. परवा तुम्हाला माझ्या चहाला रॉकेलचा वास आला होता."

"तो आला नव्हता, होता."

ताई हसली आणि विषय तिथेच संपला.

रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय हे मात्र तिच्या लक्षात आलं. ती वस्तादांकडे गाडी घेऊन आली. वस्तादांनी बॉनेट उघडलं, बॅटरीचा उजेड माझ्यावर टाकला आणि पटकन दुसरीकडे नेला. "इंजिन जुनं झालंय, ताई. थोडं पाणी पिणारच. रोज सकाळी बघून घालत जा." ती वळली तेव्हा त्यांनी माझ्याभोवती आणखी पुट्टी दाबली. ताईने रोज सकाळी पाणी बघायचा नेम धरला. कॅन घेऊन यायची, झाकण उघडायची, भरायची. जाता जाता कोणाला तरी सांगायची, "आमचे वस्ताद आहेत म्हणून ही गाडी चालते. दुसऱ्याने केव्हाच भंगारात काढली असती." ते ऐकून मला वाटायचं, आता पडावं इथून आणि रस्त्यावर घरंगळत कुठेतरी निघून जावं. मी भक्कम होतो तेव्हा कोणी माझ्याकडे बघितलं नाही. आणि माझ्यात काही उरलं नव्हतं तेव्हा मात्र हे कौतुक चाललं होतं.

मग ती सकाळ आली. ताईला एका लग्नाचे कपडे शिवून द्यायचे होते. ती पहाटेपासून मशीनवर होती. निघायला उशीर झाला, बाबांना हात धरून बसवलं, गठ्ठा मागे टाकला आणि गाडी सुरू केली. त्या एका सकाळी पाणी बघायचं राहून गेलं.

चढावर इंजिन तापलं. वळणावळणावर तापत गेलं. पुट्टीला तडा गेला, मी सुटलो आणि खालच्या पत्र्यावर पडलो. माझ्या रिकाम्या भोकातून वाफेचा लोट बाहेर आला. ताईने लगेच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. मला वर तिचा आवाज ऐकू येत होता. ती येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना हात करत होती. म्हातारे म्हणत होते, "अगं, घाबरतेस काय, थांबेल कोणीतरी." पण बोलताना त्यांना मधेच थांबावं लागत होतं. बऱ्याच वेळाने एक मालाचा टेम्पो थांबला. बापलेक त्यात चढले. पुढचं मला दिसलं नाही.

दोन दिवसांनी गाडी ओढून गॅरेजात आणली. वस्तादांनी खाली वाकून पत्र्यावर हात फिरवला आणि मी त्यांना सापडलो. त्यांनी मला मुठीत घेतलं आणि मूठ मिटली. त्या मुठीत मी किती वेळ होतो, ते सांगता येणार नाही. तिथे घाम होता.

वहिनी भिंतीपलीकडून आल्या होत्या. गाडी ओढून आणलेली त्यांनी बघितली होती. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, इंजिनात डोकावल्या, भोकाच्या कडेची पुट्टी नखाने खरवडून बघितली. जुनी पुट्टी पिवळी पडते. तिच्यावर नवीचा थर होता. वहिनींना सगळं दिसलं. त्या पदराला हात पुसत बाजूला उभ्या राहिल्या.

तेवढ्यात ताई आली. एकटीच. डोळे सुजलेले होते. तिला बघून वस्ताद उभे राहिले.

"बाबा कसे आहेत?"

"ठेवून घेतलंय. पोहोचलो तेव्हा मशीन दुसऱ्याला दिलं होतं. संध्याकाळी श्वास लागला. आता बरे आहेत म्हणतात डॉक्टर." तिने गाडीकडे बघितलं. "काय झालं होतं, वस्ताद?"

मित्रांनो, त्या क्षणी वस्तादांनी "पंप गेला" एवढे दोन शब्द म्हटले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांच्या ओठांवर ते आलेही होते.  पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ताईच बोलायला लागली.

"मला ठाऊक आहे काय झालं ते. तुम्ही मला सांगितलं होतं रोज पाणी बघत जा म्हणून. त्या दिवशी मी नाही बघितलं. कपड्यांच्या नादात राहिलं. माझ्यामुळे झालं हे सगळं. बाबांना तसं सांगितलं मी. दोन दिवस झाले, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही मला. तुमचीही माफी मागते, वस्ताद. तुम्ही एवढी जपलेली गाडी."

आजवर मला वाटत होतं की लाज माझी आहे. वस्तादांची आहे. आम्ही दोघांनी ती वाटून घेतलीय, पुट्टीखाली झाकलीय, आता ती कुठे जात नाही. पण ती झिरपत झिरपत बाहेर पडली होती आणि जिची काही चूक नव्हती तिच्या अंगावर जाऊन पडली होती. ती माझ्यासमोर उभी राहून माफी मागत होती. इतकी शरम मला तुटतानाही वाटली नव्हती.

वस्तादांनी मूठ पुढे केली आणि उघडली.

"ताई, तुमची काही चूक नाही," ते म्हणाले. "हा माझ्या हातून तुटला. पंप बसवला त्या दिवशीच. मी काढला नाही. डोकं पुट्टीने चिकटवलं आणि वरून ग्रीस लावलं. इंजिन पाणी पीत नव्हतं. इथून जात होतं ते. मला माहीत होतं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग वस्तादांकडे.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"बाबा या गाडीतून जातात, हेही माहीत होतं."

"हो."

 बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"बाबांना तुम्ही सांगाल," ताई शेवटी म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि गाडीचं काम वहिनींनी करायचं. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं," वस्ताद म्हणाले.

ते त्याच दिवशी दवाखान्यात गेले. मला खिशात घालून नेलं होतं, म्हणून मला ठाऊक आहे. म्हाताऱ्यांनी पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं, मला हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि लेकीकडे वळून म्हणाले, "म्हटलं होतं ना, गोड वास येतोय. औषधांवर ढकललंस." ताईने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मग म्हातारे वस्तादांना म्हणाले, "मी बस चालवायचो तेव्हा मागे माणसं भरलेली असायची. ब्रेक जरा जरी हलका वाटला तरी मी गाडी काढायचो नाही. साहेब ओरडायचे, ओरडू दे. तुला एवढं कळायला हवं होतं." वस्ताद मान खाली घालून उभे होते. "बस आता," म्हातारे म्हणाले. "उभं राहून माझी मान दुखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांचं वेल्डिंगचं मशीन ओढत घेऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊजी, शर्टाचं बटण खालच्या भोकात गेलंय. गेला महिनाभर असंच चाललंय."

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"न यायला काय झालं? परवा गरम सायलेन्सरवर हात ठेवून गप्पा मारत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

वहिनींनी हातमोजे चढवले. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुमचा मान राखला. मेला कसला मान. माझंही चुकलंच."

बघा मित्रांनो, वस्ताद, ताई आणि आता ही तिसरी व्यक्ती. लाज झाकून ठेवली की किती जणांना पुरते.

माझी बाकीची हकिगत आता ऐका, कारण माझं धड कसं निघालं ते मला माझ्याच डोळ्यांनी, म्हणजे कोपऱ्यांनी, बघायला मिळालं. वहिनींनी आधी बॅटरीच्या तारा काढायला लावल्या. पंप उतरवला. इंजिनाच्या अंगातून माझं धड जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर दिसत होतं, गंजलेलं, ओळखू न येणारं. वहिनींनी त्यावर तेल सोडलं आणि मुरू दिलं. मग त्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून खाली वेल्डिंग केलं. ठिणग्या उडाल्या, निळा उजेड पडला, वस्तादांनी तोंड फिरवलं. नट थोडा निवल्यावर पाना लावला, तर नटच सुटून आला.

"धरलं नाही," वहिनी म्हणाल्या. "गंज आहे."

त्यांनी पुन्हा घासलं, दुसरा नट ठेवला, या वेळी जास्त वेळ तापवलं. मग पाना लावला आणि एकदम जोर दिला नाही. जरासा मागे, जरासा पुढे, पुन्हा जरासा मागे. मधेच तेलाचा थेंब. वस्ताद बाजूला उभे राहून पुटपुटत होते, "घाई नको, वहिनी, घाई नको." त्यांना राहवत नव्हतं, पण हात त्यांनी पाठीमागे धरले होते. मग एक बारीक चिरका आवाज आला. माझं धड हललं. त्याने मला ओळखलं असेल का? नसेल. इतके महिने ते आत एकटं होतं आणि मी बाहेर त्याच्या नावावर मिरवत होतो. नट धरून ते गोल गोल फिरत बाहेर आलं आणि वहिनींनी ते माझ्याशेजारी ठेवलं.

"जोडून देऊ का पुन्हा?" त्यांनी वस्तादांना चिडवलं. "कोणाला कळणारसुद्धा नाही."

"नको," वस्ताद म्हणाले. "तुटलंय ते तुटलेलंच दिसू दे."

भोकातले आटे साफ केले, फुंकर मारली, पाणी अडवणारी मधली गॅस्केट नवीन घातली, पंप बसला. नव्या बोल्टांचा पुडा फोडला. माझ्या जागी येणारा बोल्ट मी बघितला. चकचकीत होता. त्याच्या डोक्यावरही तेच दोन आकडे होते. मी त्याला काही सांगू शकलो नाही.

वस्ताद स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. डब्यावरची धूळ त्यांनी फुंकली, आतला कागद काढला आणि भावाने आणलेला तो पाना वहिनींच्या हातात दिला. वहिनी पान्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बोल्ट आळीपाळीने आवळायला घेतले. प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला की त्या थांबत होत्या. वस्ताद उजेड धरून कोणता पुढे घ्यायचा ते सांगत होते. शेवटी माझ्या जागेवरचा तेवढा राहिला. वहिनींनी पाना वस्तादांपुढे धरला. वस्तादांनी तो घेतला नाही. ताई दारात उभी होती, त्यांनी तिच्याकडे बघितलं.

ताई दारातून इंजिनाजवळ आली.

"आवाज आला की थांबायचं, एवढंच ना?" तिने विचारलं.

"एवढंच."

"मग आवळा."

वस्तादांनी पाना लावला आणि कान अगदी खाली नेला. डोळे मिटले. आयुष्यभर जे बोटांनी ऐकलं ते आता कानाने ऐकायचं होतं. पाना हळूहळू फिरला. टक् झालं. वस्ताद थांबले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

गाडी पुन्हा डोंगरापलीकडे जाते. म्हातारे पुढच्या सीटवर बसतात आणि गिअरवरून बोलतात. ताई मात्र पूर्वीसारखं वस्तादांचं कौतुक करत नाही. सकाळी पाणी अजून बघते, कमी झालेलं नसतं तरी बघते. कधीतरी तिची ती सवय जाईल, असं मला वाटतं. वस्ताद हात दाखवायला दवाखान्यात जातात, औषध घेतात. बोटं पुरती परत येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा नुसत्या बोटांवर विसंबायचं नाही, ही आठवण राहावी म्हणून त्यांनी मला बशीत ठेवलंय. कोणी विचारलं की ते सांगतात, "हा माझ्या हातून तुटला आणि मी लपवला." काही गिऱ्हाइकं ते ऐकून दुसरीकडे गेली. वस्तादांनी त्यांना थांबवलं नाही.

मला रोज लाज वाटते, अजून वाटते. पण आता ती ज्याची त्याच्याकडे आहे, दुसऱ्या कोणाच्या अंगावर सांडत नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय, मित्रांनो. तुमच्या हातून काही तुटलं तर पुट्टी शोधू नका. भिंतीवरून हाक मारा. पलीकडे कोणीतरी असतं, ते चिडवेल, दोन शब्द बोलेल, पण येईल.

परवा एक अनोळखी मेकॅनिक गॅरेजमध्ये आला. दूरच्या कुठल्यातरी गॅरेजचा असावा, बशीची गोष्ट ऐकून आलेला; पायऱ्यांवर घुटमळला, मग आत आला. वस्तादांनी काय हवंय विचारलं तर म्हणाला, "काही नाही, सहज आलो." त्याची उजवी मूठ मिटलेली होती. त्याने बशी बघितली, मला बघितलं. वस्तादांनी नेहमीसारखं सांगितलं, हा माझ्या हातून तुटला.  त्या माणसाने बशीवर हात नेला आणि मूठ उघडली.

आता बशीत माझ्याशेजारी आणखी एक डोकं आहे. पलीकडे वहिनींचा लेथ घरघरतोय, आणि बशीत अजून बरीच जागा आहे.